मोटारीची नवी बॅटरी आणि तिची नोंद

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनी आपल्या मंडळात आजवर पुष्कळ विषयांवर भाषणे झाली. मुलांचे आरोग्य झाले, काटकसरीचा संसार झाला, संतवाङ्मय झाले. मोटारीच्या बॅटरीवर बोलण्याची पाळी मात्र प्रथमच येत आहे. कार्यवाहताईंनी हा विषय मुद्दाम सुचवला, आणि त्याला कारणही तसेच घडले. गेल्या वर्षात आपल्यापैकी तिघीचौघींनी गाडीला नवी बॅटरी बसवली आणि त्यांपैकी दोघींना ती वर्ष पुरे होण्याआधीच पुन्हा बदलावी लागली. दोघींनीही चांगल्या दुकानातून, पुरते पैसे मोजून बॅटरी घेतली होती. मग चूक कोठे झाली, असा प्रश्न त्यांनी मला विचारला. मी बरीच वर्षे तंत्रनिकेतनात विद्युतशास्त्र शिकवले असल्यामुळे उत्तर देण्याची जबाबदारी माझ्यावर आली.

उत्तर थोडक्यात सांगायचे तर असे आहे. हल्लीच्या पुष्कळ गाड्या बॅटरीचा जमाखर्च स्वतः ठेवतात. बॅटरी बदलली, पण गाडीच्या वहीत जुन्याच बॅटरीचे नाव राहिले, तर नव्या बॅटरीला जुनीच्या हिशेबाने वीज मिळत राहते आणि ती अकाली खराब होते. हे कसे घडते, आणि ते टाळण्यासाठी आपण काय करावे, एवढेच आज सांगायचे आहे.

प्रथम बॅटरीचे काम काय ते पाहू. आपल्या मोटारीत असते ती शिशाच्या पत्र्यांची आणि गंधकाम्लाची बॅटरी. हिचा मूळ शोध प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली लावला. तिच्या पोटात सहा खाने असतात. पूर्ण भरलेला प्रत्येक खाना सुमारे २.१ व्होल्ट देतो, म्हणून सहांचे मिळून १२.६ च्या आसपास होतात. आपण तिला बारा व्होल्टची बॅटरी म्हणतो ती यामुळे. रात्रभर गाडी उभी असताना सकाळी मोजले आणि १२.६ आले, तर बॅटरी भरलेली समजावी. १२.२ आले तर ती निम्मी उतरली आहे असे धरावे.

तिचे मुख्य काम काही सेकंदांचेच असते. आपण किल्ली फिरवतो किंवा बटण दाबतो, तेव्हा इंजिनला पहिला हिसका देण्यासाठी ती एकदम मोठा प्रवाह सोडते. पूर्वी हे काम माणसाच्या हाताने होत असे. गाडीच्या तोंडाशी लोखंडी हँडल घालून ते जोराने फिरवावे लागे, आणि इंजिनने उलटा झटका दिला तर मनगट मोडत असे. १९१२ साली अमेरिकेतील कॅडिलॅक गाडीला केटरिंग यांनी तयार केलेला विजेचा स्टार्टर बसवला गेला, आणि ज्यांच्या मनगटात तेवढे बळ नाही त्यांनाही गाडी चालवणे सोपे झाले. आज आपण एकट्या गाडी घेऊन भाजीबाजारापासून परगावापर्यंत जातो, त्यात या बॅटरीचा वाटा मोठा आहे.

इंजिन सुरू झाले की बॅटरीने खर्चलेली वीज भरून काढण्याचे काम अल्टरनेटर करतो. तो पट्ट्याने इंजिनवर फिरतो आणि वीज निर्माण करतो. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. १२.६ व्होल्टच्या बॅटरीत वीज भरायची तर त्याहून चढा दाब द्यावा लागतो. साधारणपणे तो १३.८ ते १४.५ व्होल्ट असतो. दाब कमी पडला तर बॅटरी कधीच पुरती भरत नाही, पत्र्यांवर पांढरट क्षार धरतो आणि कालांतराने तो इतका घट्ट होतो की तेवढा भाग कायमचा निकामी होतो. दाब जास्त झाला तर आतल्या पाण्याचे वायू होऊन ते उडून जाते आणि पत्रे झिजतात. म्हणजे उपासमार आणि अजीर्ण ही दोन्ही बॅटरीला सारखीच घातक आहेत.

जुन्या अ‍ॅम्बॅसडर आणि फियाट गाड्यांत हा दाब सांभाळण्यासाठी एक लहानशी पेटी असे. तिला रेग्युलेटर म्हणत. तिच्यातील स्प्रिंगचा ताण कमी-अधिक करून वायरमन दाब लावून देई. पेटी एकदा लावली की सर्व बॅटऱ्यांना एकच नियम. बॅटरी नवी आहे की जुनी, याची तिला दखल नसे. आपण महिन्या-दोन महिन्यांनी झाकणे उघडून डिस्टिल्ड वॉटर घालीत असू, आणि तेवढ्यावर काम चाले. पुढे डायनामो जाऊन अल्टरनेटर आला, रेग्युलेटर इलेक्ट्रॉनिक झाला, परंतु ‘सर्वांना एकच नियम’ ही रीत बरीच वर्षे राहिली. आजही कित्येक लहान गाड्यांत ती तशीच आहे.

नव्या रीतीत मात्र गाडी बॅटरीवर सतत लक्ष ठेवते. बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर, म्हणजे उणे चिन्ह असलेल्या टोकावर, काडेपेटीएवढी एक डबी बसवलेली असते. तिला सेन्सर म्हणतात. किती प्रवाह आत गेला, किती बाहेर आला, दाब किती आहे आणि बॅटरी किती तापली आहे, हे ती मोजते आणि गाडीच्या संगणकाला कळवते. संगणक त्यावरून बॅटरीत शिल्लक किती, ती किती थकली आहे आणि आता तिला किती दाब द्यावा, हे ठरवतो.

हा खटाटोप उत्पादकांनी कशासाठी केला, असे कोणी विचारील. कारण इंधनाची बचत. अल्टरनेटर फिरवायला इंजिनची शक्ती खर्च होते. म्हणून नव्या गाड्या शक्य तेव्हा त्याचा भार कमी ठेवतात आणि आपण ब्रेक दाबला किंवा उतार लागला की त्या फुकटच्या गतीतून बॅटरी भरून घेतात. त्यासाठी काही गाड्या बॅटरी मुद्दामच काठोकाठ भरीत नाहीत, थोडी जागा मोकळी ठेवतात. सिग्नलला गाडी थांबली की इंजिन आपोआप बंद होते आणि क्लच दाबला किंवा ब्रेकवरचा पाय उचलला की पुन्हा सुरू होते, ही सोयही त्याच काटकसरीतली. अशा गाडीत बॅटरीला दिवसातून कितीतरी वेळा इंजिन सुरू करावे लागते. साधी बॅटरी एवढे कष्ट फार दिवस सोसू शकत नाही, म्हणून बॅटऱ्यांचेही प्रकार झाले.

हे प्रकार आपण ओळखून ठेवावेत. पहिली साधी बॅटरी, तिच्यात आम्ल पातळ स्वरूपात मोकळे असते. दुसरी ई.एफ.बी. ही साधीचीच सुधारलेली, जास्त कष्ट सोसणारी बहीण. तिसरी ए.जी.एम. हिच्यात पत्र्यांच्या मध्ये बारीक काचतंतूंचे अस्तर असते आणि आम्ल त्या अस्तरात टिपकागदात शाई मुरावी तसे मुरलेले असते. ही पूर्ण बंद असते, हिच्यात पाणी घालता येत नाही, आणि तिन्हींत हीच महाग. ए.जी.एम. भरण्यासाठी पुष्कळ गाड्या १४.७ ते १४.८ व्होल्टपर्यंत दाब देतात. साध्या बॅटरीला तेवढा दाब वारंवार मिळाला तर तिचे पाणी आटते. उलट साध्या बॅटरीच्या हिशेबाने दाब मिळाला तर ए.जी.एम. अर्धपोटी राहते.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. गाडीच्या संगणकात बॅटरीविषयी तीन गोष्टी लिहिलेल्या असतात: तिचा प्रकार, तिची क्षमता आणि तिचे वय. यांपैकी कोणती नोंद चुकली तर काय होते, ते एकेक पाहू.

वय आधी घेऊ. समजा, आपल्या जुन्या बॅटरीने पाच वर्षे काढली. तिची भूक मंदावली आहे, ती लवकर भरत नाही, हे गाडीने हळूहळू शिकून घेतलेले असते आणि त्याप्रमाणे तिला वीज देण्याची पद्धत बदललेली असते. आपण तिच्या जागी नवी बॅटरी ठेवतो, पण गाडीला सांगत नाही. घरात वृद्ध सासूबाईंचे ताट पथ्याने वाढण्याची सवय लागलेली असावी, आणि त्याच पाटावर एक दिवस जावयाला बसवून तेच पथ्याचे ताट पुढे करावे, तसा हा प्रकार होतो. काही गाड्या नव्या बॅटरीला गरजेपेक्षा जास्त वेळ किंवा चढ्या दाबाने भरीत राहतात. काही गाड्या ‘बॅटरी थकली आहे’ असे समजून सिग्नलला इंजिन बंद करण्याची सोय बंद करून टाकतात, किंवा काचेची जाळी, गरम आसन, रेडिओ अशा गोष्टी मधूनच तोडतात. आपण म्हणतो, नवी बॅटरी घालूनही दोष जात नाही. दोष बॅटरीत नसतो, नोंदीत असतो.

आता क्षमता. बॅटरीत किती वीज मावते ते अँपिअर-तासांत सांगतात. दुकानदार त्याला ए.एच. म्हणतो. येथे आपल्या घरच्या किराणा वहीचे उदाहरण चांगले लागू पडते. वहीत लिहिले आहे की डब्यात ८० वाट्या पीठ आहे. प्रत्यक्षात डबा ६० वाट्यांचा आहे. चाळीस वाट्या पीठ खर्च झाले. वही म्हणते, अजून निम्मे उरले. डब्यात पाहावे तर एक-तृतीयांशच शिल्लक. गाडीच्या संगणकात ८० ए.एच. लिहिलेले असताना स्वस्तात मिळाली म्हणून ६० ची बॅटरी बसवली तर हेच होते. वहीवर विसंबून गाडी सिग्नलला इंजिन बंद करते आणि पुन्हा सुरू करण्याइतकी वीज डब्यात नसते. भर चौकात, मागे वाहनांची रांग लागलेली असताना गाडी निपचित पडणे म्हणजे काय, हे ज्यांच्यावर तो प्रसंग आला त्यांनाच ठाऊक. रात्रीची वेळ आणि घाटाचा रस्ता असेल तर ती गोष्ट नुसत्या गैरसोयीची राहत नाही. मोठी बॅटरी घालून लहान क्षमतेची नोंद ठेवली तरी हिशेब चुकतोच.

तिसरी नोंद प्रकाराची. ए.जी.एम. काढून तिच्या जागी साधी बॅटरी बसवणे ही सर्वांत वाईट तडजोड. दाब ए.जी.एम.चा, कष्ट ए.जी.एम.चे, आणि सोसणारी मात्र साधी. अशा बॅटरीचे पाणी आटते, पत्रे झिजतात आणि ती वर्षा-दीड वर्षात मान टाकते. म्हणून नियम असा ठेवावा: गाडीला कारखान्यातून ज्या प्रकारची बॅटरी आली, त्याच प्रकारची घ्यावी. चढ्या प्रकाराची घेतल्यास चालू शकते, पण गाडीत तशी नोंद होत असेल तरच. खालच्या प्रकाराची कधी घेऊ नये. हल्ली वजनाला हलक्या लिथियम बॅटऱ्याही दुकानांत दिसतात. त्यांच्या रसायनाची रीतच वेगळी, तेव्हा गाडीच्या उत्पादकाने स्पष्ट परवानगी दिल्याशिवाय त्यांच्या वाटेला जाऊ नये.

आपल्या हवेचाही यात संबंध आहे. बॅटरी तापली की तिला कमी दाब पुरतो. दर अंशाला सुमारे दोन शतांश व्होल्ट एवढा फरक पडतो. म्हणजे २५ अंशांची हवा ४५ अंशांवर गेली, तर दाब सुमारे ०.४ व्होल्टने उतरायला हवा. विदर्भातल्या आपल्या नातलगांना हा मे महिना चांगला परिचयाचा आहे. सेन्सर असलेली गाडी हा फरक सांभाळून घेते. परंतु मुळात चढा दाब देण्याची चुकीची नोंद असली तर उन्हाळ्यात तिचे दुष्परिणाम अधिक वेगाने दिसतात.

आरंभी ज्या दोघींचा उल्लेख केला, त्यांच्या गाड्यांत हेच आढळले. एकीच्या गाडीत प्रकार आणि क्षमता बरोबर होती, फक्त नवी बॅटरी बसल्याची नोंद कोणी केली नव्हती. दुसरीच्या गाडीत ए.जी.एम.च्या जागी साधी बॅटरी दिली होती. आमची ही भगिनी शिक्षिका आहे, यजमानांच्या पश्चात एकटीने संसार ओढते. तिने दुकानात विचारले होते, “गाडीत आणखी काही करावे लागते का?” तिला उत्तर मिळाले, “वहिनी, तुम्ही काळजी करू नका, सगळ्या बॅटऱ्या बाराच्याच असतात.” व्होल्ट बाराच, हे खरे. पण एवढ्या उत्तरावर समाधान मानावे लागल्यामुळे एका वर्षात दोन बॅटऱ्यांचे पैसे तिच्या पगारातून गेले. तिचा प्रश्न अगदी योग्य होता. उत्तर अपुरे आहे हे ओळखण्यापुरती माहिती आपणा सर्वांजवळ असावी, म्हणून हा विषय आज मांडते आहे.

आता हे सगळे ऐकून साध्या गाडीच्या मालकिणींनी घाबरून जाऊ नये. नोंदीची गरज प्रत्येक गाडीला नसते. आपल्या गाडीला ती आहे का, हे पाहण्याच्या तीन खुणा आहेत. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होत असेल, तर बहुधा आहे. बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर बारीक तारा जोडलेली डबी दिसली, तर बहुधा आहे. आणि सर्वांत खात्रीची खूण म्हणजे गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका. ती बहुतेक घरांत प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरही निघत नाही. बॅटरीचे प्रकरण तेवढे तरी एकदा वाचावे.

नोंद करण्याच्या पद्धती गाडीगणिक निराळ्या आहेत. बहुतेक ठिकाणी डॅशबोर्डखालच्या १६ पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावून ती करतात. तेवढीच आणि तशीच बॅटरी बसवली असेल तर ‘नवी बॅटरी बसली’ एवढे सांगून वयाचा हिशेब शून्यावर आणतात. प्रकार किंवा क्षमता बदलली असेल तर तीही नोंद बदलावी लागते. त्याला गॅरेजवाले कोडिंग म्हणतात. ही दोन कामे वेगळी आहेत आणि कित्येकदा पहिले करून दुसरे राहून जाते. काही गाड्या बॅटरी बदलल्यावर बरेच तास बंद करून, कुलूप लावून स्वस्थ ठेवल्या की शिल्लक किती ते स्वतःच पुन्हा शिकतात. आपली गाडी कोणत्या जातीची, ते पुस्तिका सांगते. काम जाणणाऱ्याच्या हाती ते काही मिनिटांचे असते.

तेव्हा दुकानात गेल्यावर पुढील गोष्टी कराव्यात. जुन्या बॅटरीच्या लेबलचे मोबाइलवर छायाचित्र काढून न्यावे. त्यावर व्होल्ट, ए.एच., प्रकार आणि थंडीत इंजिन फिरवण्याची ताकद दाखवणारा सी.सी.ए.चा आकडा असतो. काही बॅटऱ्यांवर ३८ बी २० एल यासारखी खूण असते. तिच्यातील २० म्हणजे सेंटिमीटरमध्ये सुमारे लांबी आणि शेवटचे अक्षर टर्मिनल कोणत्या बाजूला आहेत ते सांगते. हे अक्षर चुकले तर केबल पोहोचत नाही. नंतर चार प्रश्न विचारावेत. ही बॅटरी त्याच प्रकारची आणि तेवढ्याच क्षमतेची आहे का? ती केव्हा तयार झाली आणि आता तिचा दाब किती भरतो? माझ्या गाडीला नोंद लागते का, आणि ती आपण करून देणार का? नोंद केल्याचे बिलावर लिहून देणार का? दाब १२.४ च्या खाली असेल तर आधी भरून द्या, असे सांगावे. नोंद करणे त्यांना जमत नसेल, तर ते जिथे जमते तिथे बॅटरी घ्यावी. चार पैसे जास्त पडले तरी हरकत नाही.

घरी एक साधा मल्टिमीटर असला तर चांगले. नेहमीच्या गाडीत इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ दिसले म्हणजे ठीक. सेन्सरच्या गाडीत मात्र हा आकडा १२.५ पासून १५ पर्यंत खालीवर होतो. तो पाहून अल्टरनेटर बिघडला असा निष्कर्ष कोणी घाईने काढू नये, आणि दुसऱ्याने काढला तर लगेच पैसेही काढू नयेत.

दोन सूचना सुरक्षिततेच्या. बॅटरीजवळ हात घालण्यापूर्वी बांगड्या, अंगठ्या आणि घड्याळ काढून ठेवावे, मंगळसूत्र आत सारावे. धातूची वस्तू दोन टर्मिनलांमध्ये किंवा धन टर्मिनल आणि गाडीच्या पत्र्यामध्ये टेकली तर ती क्षणात लाल तापते. बॅटरीतून ज्वालाग्राही हायड्रोजन वायू निघतो, म्हणून जवळ उदबत्तीसुद्धा नको. नव्या गाडीला पूजा करायची ती टोपण बंद करून करावी. सोडताना आधी ऋण केबल सोडावी, जोडताना ती शेवटी जोडावी. दुसरी सूचना अशी की बाहेरून चार्जर लावताना सेन्सरच्या गाडीत त्याची काळी तार ऋण टर्मिनलला न लावता पुस्तिकेत दाखवलेल्या जागी, गाडीच्या पत्र्याच्या बिंदूवर लावावी. थेट टर्मिनलला लावली तर भरलेली वीज सेन्सरमधून जात नाही आणि जमेच्या बाजूला तिची नोंदच होत नाही.

जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नये. तिच्यातील शिसे मातीत-पाण्यात गेले तर लहान मुलांना त्याची बाधा फार होते. ती विक्रेत्याला परत करावी. २०२२ च्या केंद्रीय नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचा योग्य पुनर्वापर करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे, आणि विक्रेते परत दिलेल्या बॅटरीची किंमत बिलातून वजाही करतात.

भगिनींनो, घरातील दूध, पीठ, तेल, मुलांची फी या सर्वांचा हिशेब आपण डोळ्यांत तेल घालून ठेवतो. डबा बदलला तर वहीतला आकडा बदलावा लागतो, हे आपणांस कोणी शिकवावे लागत नाही. गाडीचा हिशेबही त्याच जातीचा आहे. पुढच्या वेळी बॅटरी बदलाल तेव्हा बिल घडी करून पर्समध्ये ठेवण्याआधी त्यावर नोंदीची ओळ आहे का तेवढे पाहा, आणि नसेल तर न संकोचता पुन्हा विचारा.

 ज्यांना आपल्या गाडीची पुस्तिका समजून घ्यायची असेल, त्यांनी ती पुढच्या सभेला बरोबर आणावी. आपण मिळून वाचू.